शेंगदाण्याची पेंड, बीपी आणि आमचंच मीठ : प्रकल्प नोंदी

आम्ही दोघी अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला, कोल्हापुरात. विषय मॅडमनी दिला : अन्नउद्योगात वाया जाणाऱ्या मालातून अशी प्रथिनं काढायची की ज्यांचे तुकडे उच्च रक्तदाबावर उपयोगी ठरू शकतील. मुदत डिसेंबर ते एप्रिल. विभागाने १५,००० रुपये दिले, खर्च त्याच्या दुपटीच्या पुढे गेला. खालचं सगळं लॅबच्या वहीतून उतरवलंय. चुका गाळलेल्या नाहीत, कारण पुढच्या बॅचला त्याच जास्त उपयोगी पडतील.

थिअरी एवढीच : शरीरात एसीई नावाचं एन्झाइम अँजिओटेन्सिन-१ च्या शेपटीतली दोन अमिनो आम्लं छाटतं आणि त्याचं अँजिओटेन्सिन-२ होतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. प्रथिनाचे काही लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, या एन्झाइमला अडवतात. आपण ते अडवणं टेस्ट ट्यूबमध्ये मोजायचं.

२ डिसेंबर

पहिला माल म्हणून चक्क्याचं पाणी ठरवलं. शहरातल्या एका श्रीखंडवाल्याकडे रोज कॅनच्या कॅन गटारात जातं. त्याने दोन कॅन फुकट दिले. रिक्षाला ८० रुपये, आणि वळणावर झाकण उडालं त्याचे रिक्षावाल्याचे बोल वेगळे.

आमचा हिशोब : अशा पाण्यात, म्हणजे व्हेमध्ये, प्रथिन साधारण ०.८ टक्के असतं, असं पुस्तकात आहे. १० लिटरमधून ८० ग्रॅम सहज मिळेल.

५ डिसेंबर

केल्डालवर (नायट्रोजन मोजून प्रथिन काढायची चाचणी) ०.४५ टक्के आलं. टीसीए (प्रथिन खाली बसवणारं आम्ल) घातल्यावर खाली बसलेलं खरं प्रथिन त्याच्याही निम्म्याहून कमी. बाकीचा नायट्रोजन युरियासारख्या फुटकळ गोष्टींचा.

चूक समजायला मॅडमचं एकच वाक्य पुरलं : "पुस्तकातला आकडा चीजच्या पाण्याचा आहे गं, चक्क्याचा नाही." श्रीखंडासाठी दूध आधी चांगलं उकळतात. त्या उष्णतेत व्हेमधली प्रथिनं केसीनला (दुधातलं मुख्य प्रथिन) जाऊन चिकटतात आणि चक्क्यातच राहतात. श्रीखंडवाल्याच्या दृष्टीने झकास, त्याचा चक्का भरतो. आमच्या वाट्याला आंबट पाणी. पनीरच्या पाण्याचंही हेच. ५० ग्रॅम प्रथिनासाठी पंचवीस-तीस लिटर पाणी आटवायचं, ते आमच्याकडच्या रोटरी इव्हॅपोरेटरवर शक्य नाही.

चार दिवस गेले. कच्चा माल ठरवण्याआधी केल्डाल करा, विषय नोंदवल्यावर नको.

११ डिसेंबर

नवा माल : लाकडी घाण्याची शेंगदाणा पेंड. पार्टनरच्या गावाकडचे एक काका घाणा चालवतात. आम्ही काय करणार ते ऐकून काका हसत सुटले. "म्हशीला घालायची पेंड माणसास्नी घालणार व्हय?" मग स्वतःच म्हणाले की लहानपणी घाण्यावरची गरम पेंड गुळाबरोबर खाल्लीय, वाईट नसते.

घाणा चालताना नीट पाहिला. तेल लवकर सुटावं म्हणून काका मधून मधून शेंगदाण्यावर पाण्याचा हबका मारतात. कडेला दाबली गेलेली पेंड पोपड्यांसारखी निघते, हाताला कोमट आणि ओलसर लागते. हा ओलसरपणा आम्ही वहीत लिहिला आणि विसरलो. पुढे महागात पडला.

दोन किलो पेंड, ४८ रुपये किलोने. काकांनी पैसे घेतले नाहीत, तरी दर लिहून ठेवलाय.

१८ डिसेंबर

घाण्याच्या पेंडीत तेल बरंच उरतं. आमच्या नमुन्यात ९.२ टक्के. ते काढल्याशिवाय पुढे सगळं दुधाळ होतं, गाळलं जात नाही. सॉक्सलेटला (तेल काढायचं काचेचं उपकरण) एका वेळी २० ग्रॅम आणि सहा तास. एवढ्याने मार्च उजाडला असता. म्हणून पेंड दळून हेक्झेनमध्ये (तेल विरघळवणारा द्रव) तीनदा भिजवली, फ्यूम हूडमध्ये, दर वेळी गाळून. उरलेलं तेल १.१ टक्के, पुरे. अडीच लिटर हेक्झेन १,९५० रुपये, त्यातलं निम्मं परत मिळवलं.

हूडचा पंखा अर्धा तास बंद होता हे आमच्या लक्षात आलं नाही. लॅबचे मामा दारातूनच ओरडले. डोकं दुखत होतं ते त्यामुळे, हे तेव्हा कळलं.

३ जानेवारी

सुट्टीवरून आलो. उरलेली सव्वा किलो पेंड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवली होती. पिशवी उघडली तर आत हिरवट-पिवळी बुरशी.

सगळी फेकली. पण खरा प्रश्न नंतर सुचला : जी आधी दळून ठेवली तीही याच मालातली, ती कशावरून चांगली? बाहेरच्या प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, तपासायला दिली, २,८०० रुपये. एफएसएसएआयची (देशाची अन्नसुरक्षा संस्था) मर्यादा थेट खायच्या शेंगदाण्याला किलोमागे १० मायक्रोग्रॅम, पुढे प्रक्रिया करायच्या मालाला १५.

९ जानेवारी

रिपोर्ट : ३८. म्हणजे डिसेंबरचं सगळं काम कचऱ्यात.

शेंगदाणा दाबला की अफ्लाटॉक्सिनचा मोठा भाग तेलात न जाता पेंडीत राहतो. दाण्यांत थोडं असेल तर पेंडीत वजनाच्या मानाने वाढलेलं दिसतं. काकांना फोन केला. म्हटलं, म्हशीला घालतानाही जपा, हे विष दुधात उतरतं. काका गप्प झाले. मग म्हणाले, "ये रविवारी. तुझ्यासमोर निवडून काढतो."

१२ जानेवारी

रविवार अख्खा घाण्यावर. सहा किलो दाणे पसरून काळपट, सुरकुतलेले, भोक पडलेले वेचून काढले. काकू आमच्या दुप्पट वेगाने वेचत होत्या. बाजूला पडलेले ७०० ग्रॅम भरले. हबका न मारता दाबायला लावलं. तेल कमी निघालं, काकांची कुरकुर झाली, तेलाच्या फरकाचे ३०० रुपये आम्ही दिले. पेंड त्याच दिवशी ओव्हनमध्ये ५० अंशांवर वाळवून डब्यात भरली, डबा फ्रीजमध्ये.

नवा रिपोर्ट आठवड्याने आला : ४ पेक्षा कमी. पुन्हा २,८०० रुपये.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. पेंडीचं पीठ पाण्यात, सामू (पीएच) ९ वर नेऊन प्रथिन विरघळवलं, चोथा सेंट्रिफ्यूज करून वेगळा, मग सामू ४.५ वर आणला. शेंगदाण्याची प्रथिनं, अॅराचिन आणि कोनअॅराचिन, तिथे दह्यासारखी खाली बसतात. दोनदा धुतलं. वाळवून आयसोलेट, म्हणजे वेगळं काढलेलं प्रथिन, शुद्धता ८८ टक्के. दाण्यांची सालं काढली नव्हती म्हणून रंग विटकरी. पुढच्या वेळी सालं काढा. काम अर्ध्या तासाचं आहे, आम्ही आळस केला.

२२ जानेवारी

पहिलं हायड्रोलिसिस, म्हणजे प्रथिनाचे तुकडे पाडणं. ५० ग्रॅम आयसोलेट, १ लिटर पाणी, अल्कलेज (प्रथिन तोडणारं एन्झाइम), ५५ अंश, सामू ८. प्रथिन तुटायला लागलं की सामू खाली येतो, म्हणून तो ८ वर धरून ठेवायला थेंब थेंब कॉस्टिक सोडा घालत राहायचा. आमच्याकडे स्वयंचलित यंत्र नाही. एकीची नजर पीएच मीटरवर, दुसरी ब्युरेटवर, तीन तास. पहिल्या वीस मिनिटांत श्वास घ्यायला फुरसत नाही, नंतर जांभया.

१ नॉर्मल सोडा : सामू ८ वर न्यायला २८ मिली, तीन तासांत ४७ मिली. एकूण ७५. त्यातल्या ४७ च्या आकड्यावरून प्रथिनाचे सुमारे १५ टक्के बंध तुटले असं गणित येतं. आम्ही खूश. शेवटी आम्लाने सामू ७ वर, ९५ अंशांवर एन्झाइम मारलं, गाळलं, लायोफिलायझरला (गोठवून वाळवणारं यंत्र) दिलं. तो शेजारच्या विभागाचा, नंबर पाच दिवसांनी.

मधेच एक घबराट : ब्रॅडफर्डने प्रथिन मोजलं तर जवळपास शून्य. वाटलं सगळं गाळणीत राहिलं. ब्रॅडफर्डचा रंग लहान पेप्टाइडांना धरतच नाही, एवढंच होतं. लोरीने मोजल्यावर जिवात जीव आला.

२९ जानेवारी

पावडर आली, ४१ ग्रॅम, फिकट बदामी. अफ्लाटॉक्सिनचा रिपोर्ट चांगला होता, अल्कलेज खाद्यदर्जाचं होतं, पण हेक्झेन लॅबचं. म्हणून फक्त जिभेच्या टोकाला लावून चूळ भरली. हेही करायला नको होतं, मॅडम ओरडल्या.

कडू असणार हे माहीत होतं. तुटलेल्या प्रथिनाचा कडवटपणा प्रसिद्धच आहे. पण कडूच्या आधी जिभेला लागलं ते मीठ. स्वच्छ, खणखणीत खारट.

दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मीठ कुणी घातलं? आम्हीच. ७५ मिली सोडा म्हणजे ७५ मिलीमोल सोडियम, गुणिले २३, म्हणजे १,७२५ मिलिग्रॅम. मिठाच्या भाषेत जवळजवळ साडेचार ग्रॅम. आणि हे ४१ ग्रॅम पावडरीत. बीपीच्या माणसासाठी बनवलेल्या पावडरीत!

कृषी महाविद्यालयात ओळख काढून माती तपासायच्या फ्लेम फोटोमीटरवर मोजलं : १०० ग्रॅमला ३.९ ग्रॅम सोडियम. कागदावरच्या हिशोबाच्या जवळच. दिवसाला १० ग्रॅम पावडर घेतली तर त्यातूनच जवळपास १ ग्रॅम मीठ पोटात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एका हाताने दाब उतरवायचा आणि दुसऱ्याने चढवायचा, असा हा कारभार.

आम्ही ज्या ज्या शोधनिबंधांवरून पद्धत घेतली त्यांत एसीई किती अडलं तो आकडा ठळक होता. सोडियमचा रकाना त्यांपैकी एकातही नव्हता. याचा मला अजून राग आहे.

६ फेब्रुवारी

मीठ काढायचं नंतर बघू, आधी पावडर एसीईला अडवते का ते तरी कळू दे, असं ठरलं. एचएचएल नावाचा कृत्रिम पदार्थ एसीईला खायला द्यायचा. तो तुटून हिप्युरिक आम्ल सुटतं. ते इथाइल अॅसिटेटमध्ये ओढून घ्यायचं, अॅसिटेट उडवायचं, उरलेलं पाण्यात विरघळवून २२८ नॅनोमीटरवर वाचायचं. कुशमन आणि च्युंग यांची १९७१ ची पद्धत, आजही तीच चालते.

एसीई सशाच्या फुफ्फुसातलं, बर्फात येतं. कुरिअर शनिवारी दुपारी आलं आणि सोमवार सकाळपर्यंत गेटवरच्या टेबलाखाली. २४,००० ची कुपी, बर्फाचं पाणी झालेलं. घरून पैसे मागून घेतले होते. जीव टांगणीला. नशिबाने एन्झाइमचा जोर थोडा उतरला होता, मेला नव्हता. प्रमाण दीडपट घेऊन भागवलं. एन्झाइम मागवाल तर सोमवारी निघेल असं मागवा.

१० फेब्रुवारी

रीडिंग कशाचंच काही नाही. ब्लँक (एन्झाइम न घातलेली नळी), नमुना, कंट्रोल (पावडर न घातलेली) सगळेच मीटरच्या टोकाला. दोन दिवस एन्झाइमला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी मामांनी क्युव्हेट (मीटरमध्ये नमुना ठेवायची चौकोनी नळी) हातात घेऊन टिचकी मारली, "ही काचेची हाय, क्वार्ट्झची कुठाय?" २२८ ला साधी काच प्रकाश गिळून टाकते. क्वार्ट्झची जोडी मॅडमच्या कपाटात कुलपात होती.

मामा बारावी नापास आहेत. हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

१३ फेब्रुवारी

आता रीडिंग येतात, पण तीन नळ्यांत तीन तऱ्हा. कारण इथाइल अॅसिटेट पूर्ण उडत नव्हतं. तो स्वतःच २२८ ला भरपूर शोषतो, तळाशी थेंबभर राहिला तरी आकडा फुगतो. उकळत्या पाण्यावर १५ मिनिटांऐवजी ४० मिनिटं ठेवल्या, नळीला वास येईनासा होईपर्यंत. तिन्ही जुळल्या.

आणखी दोन गोष्टी. प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक ठेवा, कारण पेप्टाइडंही थोडी अॅसिटेटमध्ये येतात. आणि बफरमध्ये मीठ हवंच, ०.३ मोलर. क्लोराइड नसेल तर एसीई चालत नाही. मिठावाचून अडणारा हा एकच पाहुणा आम्हाला या प्रकल्पात भेटला.

१७ फेब्रुवारी

चाचणी बरोबर चालते हे दाखवायला एखादं खात्रीचं औषध लागतं. घाण्यावरच्या काकांना बीपी आहे. मागे त्यांना एनालाप्रिल दिलं होतं, कोरडा खोकला लागला म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. उरलेली अर्धी पट्टी त्यांनी आम्हाला दिली. (खोकल्याचं कारणही एसीईच. ते ब्रॅडिकायनिन नावाचं पेप्टाइडही तोडतं. गोळीने ते अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं.)

गोळी कुटून, गाळून, पातळ करून घातली. एसीईवर परिणाम जवळजवळ नाही! आमची पेंड औषधापेक्षा भारी ठरली. पाच मिनिटं आम्ही नोबेलच्या तयारीत होतो.

मॅडमनी विमान खाली उतरवलं. एनालाप्रिल जसंच्या तसं फार क्षीण असतं. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं एनालाप्रिलॅट होतं, ते खरं औषध. नळीत यकृत कुठून येणार? लिसिनोप्रिलला असं रूपांतर लागत नाही. मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणून दिली. पट्टी आणली, वापरली, एसीई जागच्या जागी थंड.

मॅडमनी त्या दिवशी सांगितलेली एक गोष्ट : या जातीची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांवरून सुचली. तो साप चावला की माणसाचा दाब कोसळतो. म्हणजे पेप्टाइडवरून बीपीची कल्पना हवेतली नाही, पण तिथून गोळीपर्यंत यायला रसायनशास्त्रज्ञांना मूळ तुकडा पार बदलावा लागला.

२० फेब्रुवारी

आमची अल्कलेज पावडर : निम्मं एसीई अडवायला मिलीलिटरला ०.६२ मिलिग्रॅम प्रथिन (आकडा जितका कमी तितकी पावडर जोरदार). लिसिनोप्रिल हेच काम नॅनोमोलरच्या पातळीवर करतं, म्हणजे मिलीलिटरला काही नॅनोग्रॅम. फरक लाखांच्या पटीत. आकडा बघून तोंड पडलं, पण अन्नातल्या प्रथिनाचा असाच येतो, असं मॅडम म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी

आता मीठ. पहिली युक्ती डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या नळीतून मीठ बाहेरच्या पाण्यात उतरू द्यायचं. पावडर पाण्यात विरघळवली, डायलिसिसच्या नळीत भरली, बादलीभर पाण्यात रात्रभर, तीनदा पाणी बदललं. सकाळी चाखलं नाही, मोजलं. सोडियम जवळपास गायब. टाळ्या.

दुपारी एसीई लावलं. अडवणंही गायब.

नळीची छिद्रं १२ किलोडाल्टनची (रेणूच्या वजनाचं माप), त्याहून लहान ते बाहेर जातं. एसीईला अडवणारी पेप्टाइडं दोन-तीन ते दहा-बारा अमिनो आम्लांची, मिठासारखीच सरळ बाहेर. आमचं सगळं चांगलं काम बादलीतल्या पाण्यात गेलं आणि ते पाणी आम्ही स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतलं, तीन वेळा. २० ग्रॅम पावडर, एक आठवडा. नळीत जे उरलं ते न तुटलेलं, निरुपयोगी. हे आधी का सुचलं नाही याचं उत्तर दोघींकडे नाही. पार्टनर संध्याकाळी न बोलता होस्टेलला गेली.

२८ फेब्रुवारी

दुसरी युक्ती : कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश. पोटॅशियम बीपीला चांगलं, असं ऐकून होतो. मॅडमनी करूच दिलं नाही. बीपीच्या अनेकांना मूत्रपिंडाचा त्रास असतो, अनेक जण याच एसीईच्या गोळ्या घेतात, आणि त्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वर सरकतं. त्यावर आणखी घातलं तर हृदयाच्या ठोक्यावर येतं. ज्यांच्यासाठी बनवतोय त्यांनाच सर्वांत धोकादायक.

तिसरी युक्ती अशी की सोडा लागूच नये. सामू हलवायचाच नाही.

६ मार्च

पपेन. कच्च्या पपईच्या चिकातलं एन्झाइम. सामू ६ ते ७ ला आनंदाने चालतं. पेंडीच्या पिठाचं पाण्यात कालवण केलं की सामू आपसूक ६.६ येतो. शिवाय त्या सामूला प्रथिन तुटलं तरी सामू फार घसरत नाही, म्हणून ब्युरेटवर बसणं नाही.

हौस म्हणून चीक स्वतः काढला. पार्टनरच्या शेताच्या बांधावर पपया आहेत. पहाटे, फळ झाडावरच असताना, स्टीलच्या पात्याने उभ्या चिरा मारायच्या आणि खाली काचेची बशी धरायची. पांढरा चीक टपटप येतो आणि बघता बघता दह्यासारखा थिजतो. बारा फळांचा ओला चीक ३१ ग्रॅम, वाळवून ७. हातमोजे घातले नव्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या तीन बोटांची साल निघाली. प्रथिन तोडणारा पदार्थ बोट आणि पेंड असा भेद करत नाही.

आठ दिवसांत त्या चिकाचा जोर निम्म्यावर आला, हवेने मरतो. म्हणून खालचे सगळे आकडे विकतच्या पपेनचे आहेत, १०० ग्रॅम १,१०० रुपये.

११ मार्च

आयसोलेट वगळलं, कारण त्यातही सोडा लागतो. तेल काढलेलं पीठच १०० ग्रॅम थेट घेतलं, १ लिटर पाणी, ५५ अंश, पपेन, चार तास. सामू ६.६ वरून ६.३. किती तुटलं ते फॉर्मॉल टायट्रेशनने मोजलं, अल्कलेजच्या निम्म्याच्या आसपास.

चूक : पपेन मारायला ८५ अंशांवर १० मिनिटं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी टायट्रेशनचा आकडा वर गेलेला. पपेन चिवट आहे, रात्रभर फ्रीजमध्ये हळूहळू कुरतडत होतं. बरणीतला चमचाभर द्रव कोमट दुधात टाकला तर दूध फाटलं, तोच पुरावा. आता ९५ अंश, २० मिनिटं, आणि दरवेळी दुधाची परीक्षा.

गाळायचा त्रास मात्र वाढला. पिठातला कोंडा आणि स्टार्च मलमलीला गच्च बसतो. आधी सेंट्रिफ्यूज, मग मलमल, असा क्रम ठेवा.

१९ मार्च

पावडर ४८ ग्रॅम. सोडियम १०० ग्रॅमला ०.०८ ग्रॅम. आधीच्या ३.९ च्या तुलनेत काहीच नाही. हा आकडा आला तेव्हा लॅबमध्ये मामांना चहा पाजला.

बाकीची बाजूही लिहिते. प्रथिन फक्त ६२ टक्के, बाकी साखरा, त्यामुळे पावडर दमट हवेत तासाभरात गुळासारखी चिकटते. एसीईचा आकडा १.१, म्हणजे अल्कलेजपेक्षा कमजोर. मीठ गेलं, धार बोथट झाली. मला हा सौदा मंजूर आहे, पार्टनरला नाही. तिचं म्हणणं, अल्कलेज ठेवून नॅनोफिल्ट्रेशनने, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पटलातून गाळून, मीठ काढावं. बरोबर आहे, तसं पटल कारखान्यात वापरतात. आमच्याकडे ते नाही आणि घाण्यावरच्या काकांकडे तर नाहीच.

२६ मार्च

कृत्रिम पचन : आधी पेप्सिन सामू २ ला एक तास, मग पॅनक्रिएटिन साडेसातला दोन तास. पोटातून गेल्यावर काय उरतं ते बघायला.

अल्कलेज पावडर : ०.६२ चं ०.६५, जवळपास तेच. पपेन पावडर : १.१ चं ०.८, उलट सुधारली. इथवर ठीक.

पार्टनरने एक जास्तीची नळी लावली होती, मला न सांगता. त्यात साधं पेंडीचं पीठ, काहीही न केलेलं. पचनानंतर त्याचा आकडा १.३.

म्हणजे पोट स्वतःच ते तुकडे पाडतं. चार महिने आणि चाळीसेक हजार रुपये घालून आम्ही १.३ चं ०.८ केलं. वही बंद करून आम्ही वडापाव खायला गेलो.

२९ मार्च

काकांनी विचारलं, "मग मी रोज चटणी खाऊ का? गोळी सोडू?" गोळी अजिबात सोडायची नाही, हे तीनदा सांगितलं. आमची चाचणी नळीतली आहे. पेप्टाइड आतड्यातून रक्तात किती पोचतं, पोचल्यावर किती वेळ टिकतं, हे आम्ही मोजलेलं नाही. दुधातली व्हीपीपी आणि आयपीपी ही पेप्टाइडं जपानमध्ये आंबवलेल्या दुधातून बाजारात आली, त्यांवर माणसांवरचे कितीतरी प्रयोग झाले, तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली रक्तदाबाचा दावा मान्य केला नाही. आमची तर सुरुवातही नाही.

आणि चटणीचं म्हणाल तर काकू पावशेर दाण्याला दीड चमचा मीठ घालतात. ते कमी करा म्हटलं. काकू म्हणाल्या, "मीठ नसलेली चटणी ती चटणी न्हवंच." वाद वाढवला नाही.

३ एप्रिल

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांचा पहिलाच प्रश्न : "रोज किती खायचं?" आम्ही गप्प. मग पार्टनर म्हणाली, "सर, ते माहीत नाही, पण किती मीठ जाईल ते सांगता येईल." सरांनी सोडियमचा तक्ता मागितला आणि दहा मिनिटं त्यावरच बोलले. एसीईच्या आलेखाकडे नुसती नजर टाकली.

६ एप्रिल

लॅब आवरली. शिल्लक : पपेन पावडर २२ ग्रॅम, एचएचएल ११ मिलिग्रॅम, एसीई दोन दिवसांच्या कामापुरतं. सगळं उणे २० च्या फ्रीजरमध्ये, दुसऱ्या कप्प्यात मागे. पावडरच्या डबीत सिलिका जेलची पुडी आहे, तरी डबी गार असताना उघडू नका, चिकटेल. क्वार्ट्झ क्युव्हेट मॅडमच्या कपाटात, किल्ली मामांकडे. डबीवर लाल पेनाने "खायचं नाही" लिहिलंय. मामांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात "म्हशीला पण नाही" असं लिहिलंय.